नग पाच

पीएच.डी. विभागात माझं टेबल दाराजवळ,
म्हणजे ऊन आधी मला लागतं, मग कुलगुरूंना.
धुळ्याचा एप्रिल. पांझरेत पाणी नाही,
कूलरमध्ये आहे, तेही मीच भरतो.

चित्रातली, नाचातली, मातीतली डॉक्टरी
आमच्या कलाविद्यापीठात कशी होते, ते मला विचारा.
आधी परीक्षा, मग सहा महिने वर्ग,
मग समितीसमोर आराखडा,
मग दर सहा महिन्यांनी अहवाल, तीन प्रतींत,
आणि फी उशिरा भरली तर दंड.
तो कलावंतालाही माफ नाही.

कल्पिता बाविस्कर. नोंदणी क्रमांक एकोणीस.
विषय: मांड्यांचं खापर.
समिती म्हणाली, हा विषय आहे की भांडं?
पिंजारी सर म्हणाले, राहू द्या, बघू.
ती दर शनिवारी बसने कापडण्याला जायची,
सुपडू कुंभाराच्या अंगणात लीद चाळायला.
सोमवारी यायची तेव्हा
अर्जावर तिचा अंगठा उमटायचा,
सही केली तरी.

तिसऱ्या अहवालात समितीने संशोधन-प्रश्न मागितला.
तिने सुपडूआप्पाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं:
‘माले काय ईचारस, मातीले ईचार.’
शेरा आला, संदर्भ अपुरा.

साम्य तपासणारं यंत्र आहे आमच्याकडे.
तिच्या लेखी भागात चार टक्के निघालं,
तेही तिच्याच जुन्या अहवालांशी.
खापरं त्यात घालता येत नाहीत.
घातली असती तर शंभर टक्के निघालं असतं,
आप्पाच्या हाताशी, आप्पाच्या आईच्या हाताशी,
आणि तिच्याही मागच्या कुणाकुणाशी,
ज्यांच्यापर्यंत आमचं नेट पोचत नाही.

आता जे सांगायचं ते.
मार्गदर्शकाच्या रकान्यात तिने दोन नावं लिहिली होती.
दुसऱ्याला पदवी नव्हती.
पट्टी लावून, लाल शाईने, ते मीच खोडलं.
रेघ सरळ आली.
माझी रेघ नेहमी सरळ येते.

प्रबंध पाच प्रतींत, काळ्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत.
सोबत पाच खापरंही आली, टेम्पोने,
गवतात गुंडाळलेली.
मी आवक नोंदवहीत लिहिलं, नग पाच.
पृष्ठसंख्या? मी विचारलं.
ती म्हणाली, एकच. पण गोल.

मौखिकीच्या दिवशी आत बडोद्याचे परीक्षक,
बाहेर बाकावर सुपडूआप्पा, मांडीवर टोपी.
आत चर्चा, ज्ञानात नवी भर नेमकी कोणती?
बाहेर मी त्याला चहा दिला. तो बशीतून प्यायला.
मग उठला, कपाटापाशी उकिडवा बसला
आणि मधल्या बोटाच्या पेरानं
एकेका खापरावर टकटक केली,
आत कुणी आजारी निजलेलं असावं तशी.
टण्ण.
टण्ण.
टण्ण.
चौथ्यापाशी थांबला. पुन्हा वाजवलं.
‘हाई बोलत नही.’

मला तडा दिसला नाही.
समितीलाही दिसला नव्हता;
तेच खापर मधोमध ठेवून त्यांनी फोटो काढला होता.

आत टाळ्या झाल्या. पेढे आले.
ती बाहेर आली ती आधी बाकाकडे.
बाक रिकामा.
आखाजी तोंडावर, भट्टी लावायची होती,
तो साडेचारच्या एस.टी.ने निघून गेला होता.

संध्याकाळी मी नोंदवही उघडली.
नग पाच. पैकी एक तडकलेलं.
पुढचा रकाना, तपासणाऱ्याचं नाव.
लिहिलं: सुपडू कुंभार, कापडणे.
त्यापुढचा, पदनाम.
रकाना रिकामा सोडायचा नाही, असा नियम आहे.
पेन धरून बसून राहिलो,
कूलरचं पाणी संपलं तरी.